साडूसाठी प्रार्थना

३ ऑगस्ट, रविवार. सकाळ

आज लाँच. ही मी स्थापन करत असलेली तिसरी मंडळी, म्हणजे चर्च. पहिली महानगरात, एका थिएटरात काढली होती. ती पार्किंगमुळे बंद पडली. दुसरी एका कॉलेजच्या गावात. ती लोकांमुळे. दोन्ही वेळा माझा दोष नव्हता हे मोठ्या पाळकांनी मान्य केलं आहे, म्हणजे फोनवर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मोठे पाळक म्हणजे आमच्या मातृमंडळीचे प्रमुख. नोव्हेंबरअखेर स्वतः बघायला येणार. मंडळी उभी राहिलेली दिसली तर पुढे चालू. नाहीतर मला परत नेऊन ऑफिसात बसवणार, फोटोकॉपी मशीनच्या शेजारी. ते टेबल मी पाहिलंय. त्याचा एक पाय आखूड आहे.

पण या वेळी तयारी जय्यत. शहरात दोन कॉलेजं, हॉस्टेलं भरलेली. हॉल मस्त. आठवडाभर तिथे डान्स क्लास असतो, रविवारी सकाळी नऊला आपण. एक अख्खी भिंत आरशाची, त्यामुळे खुर्च्या दुप्पट दिसतात. लोगो तयार. स्वागत कार्डं छापून आली, दोन खोकी. नवीन माणसाला कसं विचारायचं हे टीमला शिकवलं: आधी हसा, मग नजर, मग प्रश्न. घाई करू नका.

टीम म्हणजे बायको.

त्याच दिवशी, दुपारी

आलेले: मी. बायको कीबोर्डवर. गिटारवाला. कॉलेजच्या ग्रंथपालबाई. केमिस्ट्रीची दोन मुलं. आणि एक जण जो डान्स क्लाससाठी आला होता. त्याला दुसऱ्या गाण्याला शंका आली.

विद्यार्थी हजारोंनी आहेत, पण रविवारी सकाळी नऊला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अभ्यासू गाव दिसतंय.

मोठ्या पाळकांना फोटो पाठवला, आरसाही दिसेल असा काढलेला. त्यांनी विचारलं, छान, पण निम्मे लोक पाठमोरे का बसलेत? कळवलं की निरनिराळ्या दिशांना प्रार्थना चालू होती.

आज नवीन माणसं: सगळीच. सुरुवातीलाच इतकी वाढ मी तरी कुठे पाहिली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

बायकोने नाश्त्याला बातमी दिली. तिची धाकटी बहीण याच शहरात राहायला येतेय. नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूला, इथल्या दवाखान्यात नोकरी लागली. दातांचा डॉक्टर.

आनंदच आहे. साडू चांगला माणूस. उंच आहे, पण त्याला तो काय करणार. हसतो तेव्हा सगळे दात दाखवतो, तो धंद्याचा भाग झाला. सासूबाई त्याला नावाने हाक मारतात आणि मला पाळकसाहेब म्हणतात. मान आहे. फक्त जेवताना त्याला आग्रह करकरून वाढतात आणि मला विचारतात, तुम्हाला आता नको ना?

साडूला खुर्च्या मांडायच्या टीमचा प्रमुख करावं म्हणतो. माणूस जागी बसेल.

आज नवीन माणसं: नाही. हवामान फार चांगलं होतं, लोक बाहेर गेले असतील.

१७ ऑगस्ट, रविवार

साडू आणि मेहुणी उपासनेला आले. साडूने खुर्च्या मांडल्या, आणि न सांगता आरशाकडे पाठ करून मांडल्या. म्हणाला, दादा, लोकांना सारखं स्वतःलाच बघावं लागलं तर संदेशाकडे लक्ष कसं लागेल? मी म्हणालो, मुद्दाम तसं ठेवलंय, आत्मपरीक्षणासाठी. पुन्हा फिरवून घेतल्या.

संदेश, म्हणजे माझं प्रवचन, झकास झाला. एक तास दहा मिनिटं. नंतर केमिस्ट्रीची मुलं जिन्यात साडूशी गप्पा मारत उभी राहिली. मी कार्डं घेऊन गेलो तर सगळे गप्प झाले. काय चाललंय विचारलं, तर म्हणे अक्कलदाढ.

ग्रंथपालबाई जाताना म्हणाल्या, तुमचे साडू किती मोकळे आहेत हो. मी हो म्हणालो. घरी आल्यावर छातीत जळजळ. ॲसिडिटीची गोळी घेतली.

संकल्प: रोज पहाटे उठणे. चहा कमी करणे.

२४ ऑगस्ट, रविवार

साडू परवानगी मागायला आला. रविवारी सकाळी आता दवाखान्याची ड्युटी, म्हणून दोघांचं उपासनेला येणं बंद. रविवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या मेस बंद असतात म्हणे, मुलं बिस्किटांवर झोपतात. तर दोन-चार जणांना घरी सूप-ब्रेडला बोलवलं तर चालेल का? मी उदार मनाने हो म्हटलं. वर मार्गदर्शनही केलं. आधी व्हिजन लिहून काढ, मग कोअर टीम, मग लोगो, आणि मगच सूप. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा, तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का?

दिलं. पातेल्याने कुठे मंडळी उभी राहते?

मेस बंद असतात हे माझ्या सर्वेक्षणात नव्हतं. मी वय, शाखा आणि आध्यात्मिक भूक एवढंच विचारलं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

दोन-चार नाहीत. बायको बहिणीला मदत करायला गेली होती, ती म्हणते त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती, दोघं खिडकीत बसले होते. जेवण झाल्यावर कोणीतरी बायबल उघडतं, जरा वाचतात, मग ज्याला जे वाटतं ते बोलतो. मग प्रार्थना. मग भांडी.

मी म्हणालो, आणि संदेश कोण देतं? ती म्हणाली, कोणीच नाही. मी म्हणालो, मग ती मंडळी नव्हे, ती पंगत झाली. ती म्हणाली, अहो, त्यांनी कुठे म्हटलंय मंडळी आहे म्हणून?

बरोबर. म्हणजे मला चिंता करण्याचं काहीच कारण नाही. एक गोळी पुरली नाही, दोन घेतल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

नवीन संदेशमालिका ठरवली. विषय: मत्सर. सहा भाग. या शहरात मत्सर फार आहे असं निरीक्षण आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या पाळकांचा फोन. मी साडूबद्दल फक्त माहिती म्हणून सांगितलं: परवाना नाही, प्रशिक्षण नाही, प्रोजेक्टर नाही, सगळे जमिनीवर बसतात, आणि त्याचे केस अजून सगळे शाबूत आहेत. ते म्हणाले, तुला त्याचा हेवा वाटतोय. मी मनापासून हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, यावर एकच औषध. दर रविवारी व्यासपीठावरून, मोठ्याने, त्याच्या मंडळीसाठी प्रार्थना कर. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे, नव्या पाळकांना शिकवतात, तू त्या दिवशी रजेवर असशील.

मला हेवा वाटत नाही. तरी दुसऱ्यांना उदाहरण म्हणून करीन.

१४ सप्टेंबर, रविवार

केली. आणि मी एखादी गोष्ट करतो तेव्हा मोघम करत नाही. प्रभूला नेमकं कळायला हवं कोणासाठी चाललंय ते. म्हणून सविस्तर मागितलं: हे प्रभू, मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, निळ्या दाराच्या घरी, संध्याकाळी सात वाजता जो छोटासा जमाव जमतो, त्याला तू मार्ग दाखव.

आमेन जोरात आलं. गिटारवाला तर डोळे उघडून काहीतरी मोबाइलवर टिपून घेत होता. मनावर परिणाम झालेला दिसला.

२१ सप्टेंबर, रविवार

गिटारवाला आला नाही. मेसेज आला की आता संध्याकाळी वाजवतो, सकाळी उठवत नाही. कुठे वाजवतो ते लिहिलं नव्हतं, मी विचारलंही नाही.

आजची प्रार्थना जास्त प्रामाणिक केली. गुळमुळीत बोलून काय उपयोग. म्हणालो, हे प्रभू, ते लोक नुसतेच जेवतात, त्यांना क्षमा कर. तिथे संदेश नसतो, तासन्‌तास गप्पा चालतात, कोणी उशिरा आलं तरी कोणी काही बोलत नाही, आणि माझ्या मेहुणीच्या हाताला चव आहे हे मान्य करूनही मी म्हणतो, ब्रेड गरम असणं म्हणजे सर्व काही नाही.

केमिस्ट्रीची मुलं एकमेकांकडे बघत होती. विचार करत होती.

२८ सप्टेंबर, रविवार

केमिस्ट्रीची मुलं नाहीत.

मत्सरावरचा भाग तिसरा. श्रोते: बायको, ग्रंथपालबाई. बायको प्रोजेक्टरचं बटण आणि कीबोर्ड दोन्ही सांभाळते, त्यामुळे तिला श्रोता धरावं की नाही हा प्रश्न आहे. धरलं.

५ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ

प्रार्थना-फेरी हा आमच्या कामाचा मूलभूत भाग. परिसरात चालत चालत प्रार्थना करायची. आज मागच्या गल्लीत फेरी घेतली. मग दवाखान्याच्या जिन्यात. मग दुसऱ्या मजल्यावर, कारण जिना अर्धवट सोडू नये.

दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. पायऱ्यांपर्यंत आलेला. गिटारवाल्याचे लाल नाडीचे बूट ओळखले. आतून हसण्याचा आवाज येत होता. माझ्या उपासनेत कधी कोणी हसलेलं नाही, अगदी मी विनोद सांगितला तेव्हाही. आणि ढिगाच्या वरच, अलीकडेच काढलेल्या, बायकोच्या चपला. ती म्हणाली होती डोकं दुखतंय, जरा बहिणीकडे पडते.

तेवढ्यात दार उघडलं. साडू कचऱ्याची पिशवी घेऊन उभा. म्हणाला, दादा, बाहेर काय उभे, आत या ना. मी म्हणालो, मी सहज चाललो होतो. तो म्हणाला, दुसऱ्या मजल्यावरून? मी म्हणालो, हो. आणि त्याची कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आलो. का घेतली कळत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

बायकोला काही विचारलं नाही. तिने स्वतःच सांगितलं. म्हणाली, मी तिथे काही वाजवत नाही, बटण दाबत नाही, नुसती बसते. तुम्ही म्हणाल तर जाणार नाही.

मी म्हणालो, जा की. उलट निरीक्षण करून ये, तिथल्या पद्धतीतले दोष सांग. म्हणजे आता ती माझ्या सांगण्यावरून जाते. हे बरं झालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निरीक्षणाचा अहवाल घेतला. बायको म्हणाली, एक मुलगी रडली, तिचे वडील आजारी आहेत. मग सगळे तिच्याजवळ बसले. मी विचारलं, पण मग कार्यक्रम कसा पुढे गेला? ती म्हणाली, नाही गेला.

दोष: कार्यक्रम पुढे जात नाही.

सूपचा डबा आणला होता. मी तत्त्व म्हणून घेतला नाही. नंतर चव बघितली, फक्त मीठ किती आहे ते कळावं म्हणून. डबा रिकामा करून धुऊन ठेवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मोठ्या पाळकांचा फोन. किती जण झाले? आता खरं सांगायचं तर आकडा असा पटकन जिभेवर येईना. आणि मग मला सुचलं. प्रभूनेच सुचवलं असणार. म्हणालो, आम्ही माणसं पाठवतोय. ते म्हणाले, म्हणजे? मी म्हणालो, मंडळी वाढवून साठवायची नाही, तयार करून पाठवायची. संगीताचा माणूस पाठवला. विज्ञान शाखा पाठवली. घरातलं माणूससुद्धा पाठवलं.

मग ते म्हणाले, तू एवढ्या लवकर दुसरी मंडळी रुजवलीस? मी म्हणालो, रुजवणारा तो, आपण निमित्त.

खोटं एक अक्षर नाही. पुन्हा तपासून पाहिलं.

आज गोळी लागली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

ग्रंथपालबाई आल्या, पण बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थना ऐकून ऐकून मला तिथे एकदा जाऊन बघावंसं वाटतंय, राग नाही ना? मी म्हणालो, राग कसला, मी तुम्हाला पाठवतोय. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून रीतसर पाठवलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही, केस विस्कटले.

मग उपासना. मी व्यासपीठावर, बायको कीबोर्डवर. समोर रिकाम्या खुर्च्या, मागे आरशात पुन्हा तेवढ्याच. संदेश देता देता मागे स्लाइडकडे वळलो तर आरशात एक टक्कल पडत चाललेला माणूस हातवारे करत होता. अर्ध्यात थांबलो. बायकोने स्लाइड पुढे सरकवली, तिला वाटलं मी विसरलो.

साडूच्या घरी सगळे हसत होते. मला ते हवं होतं. लहानपणापासून मला तेवढंच हवं होतं, की मी बोलावलं तर लोकांनी यावं. त्याने नुसतं पातेलं मागितलं आणि आले. माझंच पातेलं. जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं. उद्या खोडीन.

२७ ऑक्टोबर, सोमवार

खोडायचं राहिलं. पेनातली शाई संपत आलीये, जपून वापरतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या पाळकांचं येणं पक्कं. २३ तारीख. सकाळी माझ्याकडे, संध्याकाळी म्हणे ती लेकमंडळी बघायची आहे. लेकमंडळी हा शब्द त्यांचाच. मी चूक दुरुस्त करणार होतो, पण ते आनंदात होते.

साडूला सांगणं भाग होतं. दवाखान्यात गेलो. त्याने आधी मला खुर्चीत झोपवलं, मग ऐकून घेतलं. तोंडात आरसा असताना समजावणं सोपं नाही. शेवटी तो म्हणाला, दादा, खरंच तर आहे, अर्धी मंडळी तुमच्या प्रार्थनेमुळेच आली, पत्ता तुम्हीच दिलात. मी डोळे मिटले. एक दात किडलाय म्हणे, दिसायला मोठा नाही पण आत खोल गेलाय.

दुखलं अजिबात नाही. तेही त्याला चांगलं जमतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री जेवणानंतर

सगळं लिहून ठेवतो.

सकाळ. हॉलमध्ये मी, बायको आणि मोठे पाळक. त्यांनी आरसा पाहिला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, पुन्हा आरसा पाहिला. ते म्हणाले, सगळे पाठवलेस? मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, स्वतःकडे काहीच न ठेवणारी मंडळी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. बायको कीबोर्डवर वाकून काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते.

संध्याकाळ. साडूचं घर खच्चून भरलेलं. गिटारवाला, केमिस्ट्रीची मुलं, ग्रंथपालबाई, आणि कितीतरी अनोळखी. मोठे पाळक जमिनीवर मांडी घालून बसले, दोनदा सूप घेतलं. मग उठून म्हणाले, हे सगळं ज्या माणसाच्या त्यागातून उभं राहिलं तो दारात उभा आहे. टाळ्या. सगळ्यात जोरात साडूच्या. मला मोठं समाधान वाटलं. ते साधारण एक मिनिट टिकलं.

कारण मोठे पाळक पुढे म्हणाले, पेरलेलं उगवलं, आता त्या हॉलचं काम संपलं. तो पुढच्या महिन्यापासून सोडून द्यायचा. खुर्च्या, प्रोजेक्टर सगळं इकडे. आणि हा सेवक आता हॉलच्या ओझ्यातून मोकळा. आमेन, सगळे म्हणाले. मीसुद्धा म्हणालो, सवयीने.

निघताना त्यांना बाजूला घेऊन विचारलं, मग संदेश? संदेश कोण देणार? ऑफिसातलं टेबल तर नाही ना? ते म्हणाले, टेबल आता दुसऱ्याला दिलं. संदेशाचं तुझ्या साडूला विचार. साडूला विचारलं. तो जरा अडखळला, आणि म्हणाला, दादा, संदेशाचं बघू, पण भांडी पुसायला माणूस लागेल.

तीन मंडळ्या. पार्किंग, लोक, आणि आता यश.

३० नोव्हेंबर, रविवार

हॉल सोडला. डान्सच्या बाईंनी किल्ली परत घेतली आणि म्हणाल्या, तुमचं काय चालायचं इथे ते कधी कळलं नाही, पण फरशी स्वच्छ ठेवायचात. खुर्च्या साडूकडे पोचवल्या. तिथे सगळे जमिनीवर बसतात, म्हणून त्या गॅलरीत एकावर एक. स्वागत कार्डांची खोकी बायकोने पातेल्याखाली ठेवायला घेतली, ओट्याला चटका बसू नये म्हणून.

संध्याकाळी गेलो. खिशात पाच मिनिटांचा संदेश होता, वेळ आली तर असावा. साडूने टॉवेल दिला. तो घासत होता, मी पुसत होतो. त्याच्या हातून भांडी इतकी स्वच्छ निघतात की पुसणाऱ्याला काही श्रेय राहत नाही.

बाहेर गाणं सुरू झालं. त्यात एक आवाज वर चढत गेला, मोकळा, जरा बेसूर. कोणाचा म्हणून मी साडूकडे पाहिलं. तो म्हणाला, ताई. माझी बायको. इतकी वर्षं ती कीबोर्डवर ओठ मिटून बसायची, कारण माझ्या खुणांकडे लक्ष ठेवावं लागायचं. ती गाते हे मला ठाऊकच नव्हतं. हे त्याला आधी ठाऊक होतं. छातीत जळलं, अगदी नेहमीच्या जागी. पण टॉवेल तसाच हातात धरून मी गाणं संपेपर्यंत ऐकलं.

मग एक मुलगी रिकामे वाडगे घेऊन आत आली. वडील आजारी आहेत तीच असावी, मागच्या रविवारी गावी गेली असेल. मला पाहून थांबली. आधी हसली. मग नीट बघितलं. आणि म्हणाली, काका, तुम्हाला इथे कधी पाहिलं नाही, पहिल्यांदाच आलात का?

हसणं, नजर, प्रश्न. घाई नाही. तिला कोणी शिकवलं असेल?

मी तिला सांगणार होतो. मातृमंडळी काय, लेकमंडळी काय, हे सगळं कोणी रुजवलं, पातेलं कोणाचं. तोंड उघडलंही होतं. साडू नळाखाली हात धरून उभा होता, पाणी तसंच वाहत होतं.

म्हणालो, हो.

ती म्हणाली, मग इथे काय उभे? बाहेर बसा ना आमच्यात, ते पुसायचं मी करते. टॉवेल माझ्या हातातून घेतला. सूप मिळालं का विचारलं.

बसलो. ग्रंथपालबाईंनी सरकून जागा केली. ब्रेड गरम होता.

आज नवीन माणसं: एक.